काट्यावरचे वजन आणि कायद्याचे वजन

दिवाळी सरली की सातारा-सांगलीच्या रस्त्यांवर ऊस येतो. कराड, वाळवा, पलूस, तासगाव या तालुक्यांत एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, त्यांवर शिगोशीग रचलेला ऊस आणि अनेकदा मागे ना दिवा, ना परावर्तक पट्टी, हे दृश्य गळीत हंगाम संपेपर्यंत नित्याचे असते. अपघात झाला की गुन्हा दाखल होतो तो चालकावर. त्याचा परवाना तपासला जातो आणि न्याय झाला असे सर्वांनी मानावयाचे असते!

परवान्याचा प्रश्न तरी कितीसा उरला आहे? ट्रॅक्टर चालविण्याचा परवाना मागे ट्रॉली जोडल्याने निरर्थक ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये नागाशेट्टी खटल्यातच सांगितले. ७,५०० किलोंच्या आतील मालवाहू वाहनालाही हलक्या वाहनाचा परवाना पुरतो, हे ६ नोव्हेंबर २०२४ रोजी घटनापीठाने पक्के केले. आणि ट्रॅक्टरचे मोजमाप कायदा त्याच्या रिकाम्या वजनावर करतो. तेव्हा प्रश्न कागदाचा नाही, वजनाचा आहे. ट्रॉलीचा भार मागच्या जोडावर पडला की चढावर ट्रॅक्टरची पुढची चाके उचलली जातात. उतारावर ट्रॉल्याच ट्रॅक्टरला ढकलू लागतात. अशा वेळी खिशातला परवाना कोणाचा जीव वाचविणार?

मोटार वाहन कायद्याने वजनाची मर्यादा घातलेली आहे. ती ओलांडल्यास २०१९ च्या दुरुस्तीनुसार २०,००० रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये, आणि जादा माल उतरविल्याखेरीज वाहन पुढे नेण्यास मनाई आहे. आमचे सांगणे एवढेच की, कलम १९४ नीट वाचा. ते केवळ वाहन चालविणाऱ्यासाठी नाही. ते चालवावयास लावणारा आणि चालवू देणाराही त्यात गुन्हेगार आहे.

मग हा लावणारा कोण? वाहतुकीचा दर टनावर ठरतो. वाहतूकदार उचल घेऊन हंगामापुरता बांधला गेलेला असतो. गाडी रात्र-रात्र कारखान्याच्या आवारात रांगेत उभी राहते आणि त्या वेळेचे मोल कोणी देत नाही. खेपा कमी, म्हणून प्रत्येक खेपेत ऊस अधिक. हा चालकाचा उद्दामपणा नव्हे; दराच्या पद्धतीतच जादा वजन भरलेले आहे. आणि पुरावा शोधावयास कोठे जाणेही नको. भरल्या गाडीचे व रिकाम्या गाडीचे वजन कारखान्याच्या काट्यावर नोंदले जाते. गुन्ह्याची पावतीच रोज फाडली जाते, पण तिच्यावरून केवळ बिल होते, कारवाई होत नाही!

यावर कारखानदारांचे उत्तर ठरलेले आहे : वजन घटविले तर खेपा वाढतील आणि तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या ऊसबिलातूनच कापावा लागेल. म्हणजे रस्ता सुरक्षित करावयाचा तर शेतकऱ्याने पैसे द्यावेत, न करावयाचा तर चालकाने, ऊसतोड मजुराने आणि दुचाकीवरच्या वाटसरूने प्राण द्यावेत! साखरेखेरीज मद्यार्क, इथेनॉल आणि वीज यांचे उत्पन्न घेणाऱ्या कारखान्यांनी हा वाढीव बोजा स्वतः का उचलू नये?

आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. काट्यावरच्या जादा वजनाची नोंद परिवहन खात्याकडे रोज जावी आणि दंड कारखान्याकडून वसूल व्हावा. वाहतूकदारास रांगेतील वेळेचा मोबदला मिळावा. दिवे, परावर्तक पट्ट्या आणि प्रत्येक ट्रॉलीचा विमा यांची व्यवस्था हंगामापूर्वी कारखान्याने करावी; कायद्याच्या दृष्टीने ट्रॉली हे स्वतंत्र वाहन आहे.

ज्या मातीत १९४२ नंतर प्रतिसरकारने परकीय सत्तेच्या नाकावर टिच्चून आपला न्याय चालविला, तेथे स्वतःच्याच सहकारी कारखान्याला कायदा लावता येत नाही, हे कोणास पटावे? यंदाच्या वार्षिक सभेत सभासद असलेल्या कार्यकर्त्यांनी उसाच्या दराबरोबर हा प्रश्नही उभा केला पाहिजे.