टंगस्टन महागलं आणि ४१० बोअरच्या पंपगनचं गणित बदललं

४ फेब्रुवारी २०२५ ला चीनने टंगस्टनच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. जगातलं जवळजवळ ८० टक्के टंगस्टन चीनमधून येतं, त्यामुळे भाव चढले ते वर्षभर चढतच राहिले. टंगस्टन म्हटलं की आपल्याला बल्बमधली तार आठवते, फार तर ड्रिलचं टोक. पण या भाववाढीचा एक फटका अगदी वेगळ्या ठिकाणी बसलाय: अमेरिकेतल्या ४१० बोअरच्या पंप-ॲक्शन बंदुकीला.

आधी ही ४१० काय भानगड आहे ते बघू. बारा बोअर म्हणजे नळीच्या मापाच्या बारा शिशाच्या गोळ्यांचं वजन एक पौंड. ४१० मात्र या हिशोबातली नाही. तो थेट नळीचा व्यास आहे, ०.४१० इंच, म्हणजे सुमारे १०.४ मिलिमीटर. बारा बोअरची नळी १८.५ मिलिमीटरची असते. आपल्याकडे पोलिसांकडे असायची ती ‘४१० मस्केट’ वेगळी. तिचं काडतूस ३०३ रायफलच्या काडतुसावरून बनवलेलं होतं, या शॉटगनच्या काडतुसाशी त्याची अदलाबदल चालत नाही.

नळी बारीक, म्हणून छर्रे कमी. अडीच इंची काडतुसात साधारण १४ ग्रॅम शिसं, तीन इंचीत १९ च्या आसपास. बारा बोअरमध्ये सहज ३२. धक्का कमी बसतो म्हणून ही बंदूक मुलांना, नवशिक्यांना घेऊन देतात. माझ्या मते ही गल्लत आहे. धक्का कमी हे खरं, पण छर्रे विरळ पडतात आणि नेम थोडा हुकला की माफी नाही. शिशाचं काडतूस घेऊन २५ यार्डांच्या पुढे तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये.

हे चित्र टंगस्टनने पालटलं होतं. शिशाची घनता ११ च्या थोडी वर, तर टंगस्टन सुपर शॉटची १८. त्यामुळे ९ नंबरचा, जेमतेम २ मिलिमीटरचा छर्राही खोल जातो, आणि ५ नंबरच्या शिशाच्या तुलनेत तेवढ्याच वजनात दुपटीहून जास्त छर्रे बसतात. २०१८ मध्ये फेडरल कंपनीने अशी तयार काडतुसं बाजारात आणली आणि टर्की पक्ष्याच्या शिकारीसाठी लोक हलकी ४१० घेऊ लागले. पण हे काडतूस आधीच कित्येक डॉलरला एक असं होतं. आता भाव बघून सरावाला वापरायचा विचारही कोणी करणार नाही.

म्हणून अमेरिकेतले मराठी वाचक ‘कोणती घेऊ’ विचारतात तेव्हा मी सांगतो, टंगस्टन नाहीच असं धरून ठरवा. शिशावर तुमचं काम भागतंय का? नसेल तर वीस बोअर घ्या. (एच-वन-बी वर असाल तर त्याआधी कायदा बघा. बिगर-स्थलांतरित व्हिसावर बंदूक बाळगायला तिथे मुळात बंदी आहे. वैध शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद.)

४१० च घ्यायची तर नवीनमध्ये मॉसबर्ग ५०० हे नेहमीचं नाव. तिची सेफ्टी वर, अंगठ्याखाली असते, डावखुऱ्यालाही सोयीची. बुटक्या दस्त्याची बँटमही मिळते. रेमिंग्टन ८७० ची सेफ्टी चापामागे आडवी. रेमिंग्टन २०२० मध्ये दिवाळखोरीत तुकड्यातुकड्याने विकली गेली, आणि न्यूयॉर्क राज्यातला इलियनचा जुना कारखाना २०२४ च्या मार्चमध्ये बंद झाला. जुनी ८७० वाईट नाही, पण ४१० चे सुटे भाग मिळतायत का ते आधी विचारा.

आता ‘अडकते’ ही तक्रार. बहुतेक वेळा दोष हाताचा असतो. पुढची मूठ अर्धवट मागे ओढली की रिकामं काडतूस बाहेर पडत नाही. बिचकत नाही, शेवटपर्यंत ठणकावून ओढायची. तरी रिकामं काडतूस चेंबरमध्ये चिकटत असेल तर काडतुसाचा ब्रँड बदलून बघा, आणि ४१० च्याच मापाच्या ब्रशने चेंबर घासा. नळीवर अडीच इंच लिहिलं असेल तर तीन इंची काडतूस आत बसलं तरी घालायचं नाही. उडताना त्याचं तोंड उघडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो.

चाप ओढला आणि नुसतं ‘टक्’ झालं तर नळी सुरक्षित दिशेला धरून अर्धा मिनिट थांबा, मग उघडा. ‘फुस्स’ असा दबका आवाज आला तर पुढचं काडतूस अजिबात चढवू नका. बंदूक रिकामी करून नळीतून आरपार उजेड दिसतो का बघा. दहा मिलिमीटरच्या नळीत अडकलेला वॉड पुढच्या बाराला नळी फोडू शकतो.

आणखी एक धोका. ४५ कोल्ट हे पिस्तुलाचं काडतूस ४१० च्या चेंबरमध्ये बसतं. टॉरस जज सारखी रिव्हॉल्व्हर दोन्ही चालवते, त्यामुळे एकाच घरात दोन्ही डबे असतात. पण ४५ ची गोळी ०.४५२ इंचाची, पंपगनची नळी ०.४१०. डबे वेगळ्या कपाटात ठेवा.

जुनी घेताना स्नॅप कॅप, म्हणजे बारूद नसलेली खोटी काडतुसं, सोबत न्या. चारपाच भरून, अडीच इंची आणि तीन इंची दोन्ही, दुकानदाराला विचारून पंप करून बघा. एखादं जरी तिरकं चढलं तर भाव कितीही पाडला तरी घेऊ नका.