तप आणि गोळी यांचा मेळ



चातुर्मास आला की आपल्या घरांत एकासणे, आयंबिल, उपवास सुरू होतात. कोणी तेला करतो, कोणी अठ्ठाई. त्याच घरांत मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्याही असतात. या दोहोंचा मेळ घालण्याचे मात्र राहून जाते. आजी डॉक्टरांना उपवासाविषयी सांगत नाहीत. ते ‘नको’ म्हणतील ही धास्ती. डॉक्टर विचारीत नाहीत; बाहेर रांग असते. चिठ्ठीवर ‘जेवणापूर्वी’ असे लिहिले जाते, आणि ज्या दिवशी जेवणच नाही त्या दिवशी काय करावे, हे आजी स्वतःच ठरवितात.

यात जिवाला धोका आहे. ग्लिमेपिराइडसारखी गोळी शरीराला इन्सुलिन सोडावयास लावते. पोटात अन्न नसले तरी ती आपले काम करतेच. मग साखर उतरते, घाम सुटतो, हात थरथरतात, बोलणे असंबद्ध होते. घरच्यांना तो तपाचा थकवा वाटतो. उलट, इन्सुलिन मनानेच बंद केले तर साखर भरमसाट चढू शकते. लघवी वाढविणारी रक्तदाबाची गोळी चौविहार उपवासात, पाण्यावाचून, चक्कर आणते.

आपल्या चांदूर रेल्वेहून गाडीने वर्ध्याला उतरले की सेवाग्राम जवळच. डॉ. सुशीला नायर यांनी 1969 साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, तेथे वैद्यकीय महाविद्यालय उभे केले. तेथील विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते आणि विद्यार्थी त्या गावातील कुटुंबांच्या घरी जातात. रोगी काय खातो, केव्हा खातो, औषधाला पैसे कोठून आणतो, हे खाटेशेजारी उभे राहून कळत नाही. त्याच्या ओसरीवर बसूनच कळते, ही त्यामागील दृष्टी. रुग्णाला केंद्रस्थानी ठेवणे म्हणतात ते हेच. आजाराइतकेच आजारी माणसाचे जगणेही उपचारात धरावयाचे.

परंतु प्रत्येक डॉक्टर आपल्या ओसरीवर येणार नाही. तेव्हा ओसरी आपणच त्यांच्यापुढे न्यावी. व्यापारी सल्लागारापासून वहीचे एक पान लपवीत नाही. लपविले तर ताळेबंद चुकतो. येथेही तसेच. तपाच्या पंधरा दिवस आधी डॉक्टरांकडे जावे. व्रत कोणते, किती दिवसांचे, पाणी चालते की नाही, सूर्यास्तानंतर काही घेत नाही, हे स्पष्ट सांगावे. पुष्कळ गोळ्यांची वेळ सूर्यास्तापूर्वी आणता येते. काहींची मात्रा कमी होते, काही बदलता येतात. कोणाला ‘या वर्षी उपवास नको’ असेही ऐकावे लागेल. तेव्हा त्याचे कारण विचारून घ्यावे. घरी बोटाच्या थेंबाची तपासणी करावी. साखर 70 च्या खाली आली, तर वाट न पाहता साखरपाणी द्यावे.

‘मग पच्चक्खाण मोडले’ असे आजी म्हणतील. त्यांना आठवण द्यावी की पच्चक्खाणाच्या सूत्रातच आगार ठेवलेले आहेत, आणि त्यांत तीव्र आजारात समाधी टिकावी म्हणून औषध घेण्याचीही मोकळीक आहे. पूर्वाचार्यांनी तपस्व्याच्या देहाचा विचार आधीच केलेला आहे. आपण तो डॉक्टरांच्या कानी घातला, एवढेच आपले काम.

सर्व तपस्व्यांचे पारणे सुखाने घडो.