परिषद, पाळणे आणि परक्याचे पाकीट

गळ्यात परिषदेचे ओळखपत्र आणि डोक्यावर मिकी माऊसचे कान, अशा वेशातील तज्ज्ञ डॉक्टर पाहावयाचे असतील तर अमेरिकेतील ऑरलँडो शहरी जावे. १९७१ साली तेथे ‘वॉल्ट डिस्ने वर्ल्ड’ उघडले आणि फ्लोरिडातील हे शहर बालगोपाळांचे तीर्थक्षेत्र बनले. १९८३ मध्ये तेथे प्रचंड परिषद-केंद्र सुरू झाले, तेही हॉटेलांत उतरणाऱ्या प्रवाशांवरील कराच्या बळावर. म्हणजे पाळण्यांनी सभागृह उभे केले आणि आता सभागृह पाळण्यांना गिऱ्हाईक पुरविते. आरोग्यसेवेतील माहिती-तंत्रज्ञानाची ‘हिम्स’ ही मोठी परिषद २०१४, २०१७, २०१९, २०२२ आणि २०२४ या वर्षी येथेच भरली. दिवसा रुग्णांच्या संगणकीय नोंदींची चर्चा आणि सायंकाळी सहकाऱ्यांसमवेत उंच पाळण्यांवर आरोळ्या, असा योग तेथे सहज जुळून येतो.

यावर नाक मुरडणे सोपे आहे; पण ते न्याय्य ठरेल काय? ज्ञान गंभीर चेहऱ्यानेच घ्यावे, असा दंडक आपल्या परंपरेतही नाही. पंढरीच्या वारीत नामस्मरणाबरोबर फुगडी आहे, रिंगणात धावणारा अश्व आहे. त्या खेळाने वारकऱ्याची वाट चुकत नाही. उलट पुढचा मुक्काम जवळ वाटू लागतो.

रुग्णालयासारख्या ठिकाणी तर या मोकळेपणाला निराळेच मोल आहे. तेथील उतरंड कडक असते. ज्येष्ठ शल्यविशारदाला ‘थांबा, काही चुकते आहे’ असे सांगण्याचे धैर्य नवख्या परिचारिकेला सहसा होत नाही आणि त्या मौनाची किंमत रुग्णाला मोजावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी जी सुरक्षा-सूची प्रसृत केली, तीत पहिला छेद घेण्यापूर्वी प्रत्येकाने आपले नाव व काम सांगावे, असे कलम घातले आहे. ओळख असली की जीभ सुटते, हे त्यामागील साधे मर्म. ज्या वरिष्ठाला पाळण्यावर घाबरून डोळे मिटताना पाहिले, त्याच्याशी दुसऱ्या दिवशी बोलणे थोडे सोपे होते.

मग दोष कोठे शिरतो? त्याचे उत्तरही ऑरलँडोतच मिळते. अमेरिकेत माजी सैनिकांची रुग्णालये चालविणाऱ्या सरकारी खात्याने जुलै व ऑगस्ट २०११ मध्ये या शहरी दोन प्रशिक्षण परिषदा घेतल्या. खर्च सुमारे ६१ लाख डॉलर झाला. २०१२ मध्ये खात्याच्याच महानिरीक्षकांनी चौकशीचा अहवाल दिला. प्रशिक्षणाची गरज खरी होती, हे त्यांनी मान्य केले. परंतु सुमारे ७ लाख ६२ हजार डॉलरचा खर्च अनाठायी ठरविला. त्यात केवळ एका विडंबनपर चित्रफितीचे जवळजवळ ५० हजार डॉलर होते. परिषदेची जागा ठरविण्यास गेलेल्या काही कर्मचाऱ्यांनी हॉटेलांकडून अंगमर्दनापासून हेलिकॉप्टरच्या सफरीपर्यंत भेटी स्वीकारल्या होत्या. आक्षेप विरंगुळ्याला नव्हता. जखमी सैनिकांसाठी ठेवलेला पैसा उधळला गेला आणि निर्णय घेणाऱ्याचा हात आधीच मिंधा झाला, हा आक्षेप होता.

हा मिंधेपणा आपल्याकडेही अपरिचित नाही. औषध कंपनीच्या खर्चाने सहकुटुंब प्रवास आणि पर्यटनस्थळी परिषद, ही रीत इतकी रुळली की भारतीय वैद्यक परिषदेला डिसेंबर २००९ मध्ये तीविरुद्ध नियम करावे लागले. अशा भेटींवरील खर्च कंपन्यांना करपात्र उत्पन्नातून वजा करता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये दिला. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने औषध कंपन्यांसाठी आचारसंहिता जारी केली. वक्ते वगळता इतर डॉक्टरांना व त्यांच्या कुटुंबीयांना प्रवास वा निवासाची सोय पुरविण्यास तीत मनाई आहे. कारण उघड आहे. कंपनीने काढलेले तिकीट अखेर औषधाच्या किमतीत मिसळते. ज्याने मनोरंजननगरीचे प्रवेशद्वारही पाहिलेले नाही, तो रुग्ण औषधाच्या दुकानात त्याचे पैसे भरतो.

नियम असले तरी सारा भार त्यांच्यावर टाकून चालणार नाही. येथे विवेकच पहारेकरी हवा. कसोटी अवघड नाही. सभागृहातील शेवटचे व्याख्यान संपल्यावर पाळण्याची रांग धरली काय? तिकिटाचे पैसे स्वतःच्या खिशातून दिले काय? आणि परतल्यावर ही सहल रुग्णासमोर मोकळेपणाने सांगता येईल काय? तिन्ही उत्तरे होकारार्थी असतील, तर मिकीचे कान खुशाल घालावेत; त्याने कोणाचीही प्रतिष्ठा उणावत नाही. एकही उत्तर अडखळले, तर मात्र तो विरंगुळा उरत नाही. ते रुग्णाच्या नावावर काढलेले कर्ज असते.