निवृत्तीला दापोली? मग आषाढात या, डिसेंबरात नको



लावणी उरकलीय, फुटव्याचा युरिया टाकायला उघडीप मिळत नाही, म्हणून आज शेतातली नोंद बाजूला ठेवून दुसऱ्याच विषयावर लिहितोय. विषय तिखट आहे. कुणाला लागलं तर लागू दे.

गेल्या दोन-तीन वर्षांत घाटावरच्या शेतकरी मित्रांचे आणि रिटायर व्हायला आलेल्या साहेब लोकांचे मला एकाच कामासाठी फोन येतात. "दादा, दापोलीकडं वीसेक गुंठे बघून ठेवा, म्हातारपणी तिकडंच येऊन राहतो." का, विचारलं की उत्तर ठरलेलं. हवा चांगली, समुद्र जवळ, हर्णैची ताजी मासळी, माणसं शांत, आणि पाण्याची ददात नाही. पहिली चार कारणं खरी आहेत. पाचवं खोटं आहे, आणि शेतकऱ्यानं तरी त्याला फसू नये.

दापोलीला वर्षाला साधारण साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. सोलापूर-सांगोल्याच्या माणसाला हा आकडा ऐकून तोंडाला पाणी सुटतं, त्याच्याकडं पाच-सहाशेची मारामार. पण हा सगळा पाऊस जून ते सप्टेंबर चार महिन्यांत. एकट्या जुलैत तुमच्याकडच्या अख्ख्या वर्षापेक्षा जास्त कोसळतो. हिशोब करा, हजार चौरस फुटाच्या छपरावर वर्षाला सव्वातीन लाख लिटर पाणी पडतं. आणि त्याच घरातली बाई मे महिन्यात टँकरची वाट बघत हंडे लावून बसते. कारण खाली जांभा. चाळणीसारखा दगड, वर मातीचा थर कुठं हातभर, कुठं तेवढाही नाही, आणि जमीन उताराची. पडलेलं पाणी व्हाळातून नदीला, नदीतून खाडीला. फेब्रुवारीपासून विहिरी तळ गाठतात. विद्यापीठानं कोकण जलकुंड, कोकण विजय बंधारा असे उपाय दिलेत, आम्ही थोडेफार करतोही, पण ते अंग मोडून करायचं काम आहे. साठीनंतर आरामाला आलेला माणूस पऱ्यात उतरून दगड रचणार आहे का?

आता घराचं. तुम्ही डिसेंबरात येता. गवत सोनेरी झालेलं असतं, ऊन मऊ असतं, आंबा मोहोरायला लागलेला असतो, संध्याकाळी कर्द्याला नाहीतर मुरुडला किनाऱ्यावर एक चक्कर, रात्री सुरमई. एजंट तुम्हाला आणतो तोच मुळी त्या महिन्यात. आषाढात तो फोन उचलत नाही. आषाढात या आणि बघा. एकदा पावसानं धरलं की आठ-आठ दिवस उघडीप नाही. कपडे वाळत नाहीत, उशीला वास येतो, डाळीला बुरशी, कपाटातल्या कागदांना बुरशी, औषधाच्या पाकिटालासुद्धा ओल. लोखंडी खिडकीला दर वर्षी रंग नाही मारला तर पाच वर्षांत पापुद्रे सुटतात. पुण्यात असतं तसं सपाट स्लॅबचं घर बांधलं की तिसऱ्या पावसात गळायला लागतं, मग त्यावर पत्र्याची शेड मारायची. आमच्या आजोबांनी उतरती कौलं आणि लांब पागोळ्या काय हौस म्हणून केल्या होत्या?

म्हातारपणी कोकणात भीती साप-विंचवाची वाटते सगळ्यांना. फुरसं आहे, नाही म्हणत नाही. पण मला विचाराल तर सगळ्यात वाईट शेवाळ. चिऱ्याच्या पायरीवर, विहिरीच्या काठावर, अंगणात, जूनच्या अखेरीला हिरवी साय धरते. आम्ही चुना नाहीतर ब्लिचिंग टाकून घासतो, तरी आमच्या वाडीत गेल्या चार पावसाळ्यांत तीन म्हाताऱ्या माणसांचा खुबा मोडलाय. मग काय? दापोलीत उपजिल्हा रुग्णालय आहे, साधं दुखणं निभतं. मोठं काही झालं की चिपळूणच्या पुढं डेरवण, नाहीतर रत्नागिरी, नाहीतर थेट मुंबई. वळणाचे रस्ते, रात्रीचा पाऊस, लाईट गेलेली, मोबाईलला रेंज नाही. आणि २२ जुलै २०२१ सारखा दिवस असेल तर? त्या दिवशी वाशिष्ठीनं चिपळूण शहर बुडवलं आणि संध्याकाळी महाडजवळ तळियेत दरड कोसळून वाडीच गेली. त्याच्या आदल्या वर्षी ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ. केळशी, आंजर्ले, मुरुड, हर्णै, सगळ्या पट्ट्यातल्या नारळ-पोफळी आडव्या झाल्या. कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे अंधार. पोफळ लावल्यापासून सहा-सात वर्षांनी धरायला लागते. साठीच्या माणसानं ती परत लावायची म्हणजे हिशोब तुम्हीच करा.

असो. घर तुमचं, गुडघे तुमचे. माझा खरा राग पुढच्या गोष्टीवर आहे.

आपल्याकडं १९४८ च्या कूळ कायद्यातलं कलम ६३ आहे. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन परवानगीशिवाय घेता येत नाही. म्हणून नोकरदार बिनशेती प्लॉट शोधतात, आणि एजंट शोधतात तुम्हाला! तुमच्या नावावर सातबारा आहे, तुम्ही कुठंही शेतजमीन घेऊ शकता. "शेतकरी आहात ना, मग काय अडचण" असं गोड बोलून वरकस डोंगर, कातळ, काय वाटेल ते गळ्यात मारतात. सातबाऱ्यावर वीस-वीस सामाईक नावं असतात. निम्मी मुंबईला, चार वारलेली, त्यांचे वारस लागलेले नाहीत. सही तिघांनी केलेली असते. समुद्रकाठची जमीन असेल तर भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत सीआरझेडचे नियम लागतात, ते एजंट सांगत नाही. वीस गुंठ्यांचा मालक झालो म्हणून पेढे वाटता आणि पुढची दहा वर्षं प्रांताच्या ऑफिसात काढता.

आणि घेतलेल्या जमिनीचं होतं काय? माझ्या बागेला लागून वरच्या अंगाला एक तुकडा असाच विकला गेला. घेणारे नवरा-बायको चांगले, शिकलेले, बोलायला मऊ. दोन वर्षं राहिले. दुसऱ्या पावसाळ्यात बाईंना दम्यानं धरलं, तेव्हापासून घराला कुलूप. वर्षातून दोनदा येतात, गणपतीला आणि थर्टी फर्स्टला.

पण त्यांनी जाण्याआधी काँक्रीटचं कंपाउंड घातलं. आमचे गडगे बिनमातीचे, दगडावर दगड, पाणी फटींतून निघून जातं. काँक्रीटमधून जात नाही. डोंगरावरून येणारा पऱ्या त्या भिंतीनं तुंबला आणि वळून माझ्या खाचरात घुसला. मागच्या वर्षी सहा गुंठे भात चार दिवस पाण्याखाली राहून कुजलं. शेतकरी वाचक आहात, पऱ्या वळला म्हणजे काय ते तुम्हाला समजावून सांगायला नको. घाटावर बांध कोरला तर कुऱ्हाडी निघतात.

बांडगुळाचं तेच. त्या तुकड्यात हापूसची चौदा जुनी कलमं आहेत. कुणी छाटत नाही, कुणी फवारत नाही. पाखरं बांडगुळाचं बी खातात आणि माझ्या कलमांवर आणून टाकतात. मी माझ्या बागेत तुडतुड्यांसाठी विद्यापीठाच्या वेळापत्रकाप्रमाणं फवारायचं, फळमाशीला रक्षक सापळे लावायचे, आणि शेजारी पडलेला आंबा तसाच सडत ठेवायचा. एकट्यानं सापळे लावून फळमाशी हटते का, हे आपल्यातल्या कृषी पदवीधरांनी सांगावं. मला तरी अनुभव नाही.

सगळ्यात वाईट वणवा. पावसानंतर छातीएवढं वाढलेलं गवत डिसेंबरापासून वाळतं. मालक इथं राहत असेल तर कापतो, निदान हद्दीनं पट्टा तरी मोकळा करतो. कुलूपबंद जमिनीत कोण करणार? एक विडी पुरते. पंधरा वर्षांची काजूची बाग अर्ध्या तासात जाते, आणि नुकसानीला जबाबदार कोणीच नसतो.

आता मला उलट विचारणारे आहेत, ते विचारणारच. "जमिनी विकल्या कुणी? तुम्हीच ना?" होय, आमच्याच चाकरमानी भावकीनं विकल्या. ज्यांना शेत कुठलं, वरकस कुठलं ओळखता येत नाही, त्यांनी मुंबईत बसून सह्या केल्या. त्यांच्यावर माझा राग तुमच्यापेक्षा जास्त आहे. पण विकणारा चुकला म्हणून घेणाऱ्याचं सगळं माफ होत नाही.

सांगोल्याकडचे एक डाळिंब बागायतदार आहेत, या पानावरचे जुने वाचक. तेल्यानं बाग गेली, पोरं पुण्याला लागली, गुडघे बोलायला लागले. ते चार एकर विकून इकडं यायचं म्हणतायत. भाऊ, तुम्हाला फोनवर सांगितलं तेच इथं लिहितो. चार एकर विकू नका. वाट्यानं द्या, पडीक ठेवा, काहीही करा. तुमच्या गावात रात्री छातीत कळ आली तर भावकी, सोयरे, पाणी भरणारा गडी, दहा माणसं धावतील. इथं तुम्ही "घाटावरचे पाव्हणे" आहात आणि निदान दहा वर्षं राहाल. माणसं वाईट नाहीत, पण लावणीच्या दिवसांत कुणालाच वेळ नसतो, वाडीत आहेतच मुळी म्हातारी माणसं. तरुण पोरं मुंबईला. आमच्याच आईबापांना बघायला माणूस नाही, तर तुम्हाला कोण बघणार?

तरी यायचंच असेल तर एका निवृत्त कृषी अधिकाऱ्यांचं उदाहरण सांगतो, नाव घेत नाही. त्यांनी आधी दोन पावसाळे भाड्याच्या खोलीत काढले. दापोली गावातच, दवाखाना आणि एसटी स्टँड चालत जाण्याच्या अंतरावर. जमीन घेतलीच नाही. सकाळी आमच्यासारख्यांच्या बागेत येतात, कलमाची फांदी कुठं कापायची ते दाखवतात, चहा पितात, जातात. पावसात घरी बसून पुस्तकं वाचतात, मे महिन्यात पाणी आटलं की महिनाभर मुलीकडं जातात. त्यांना दापोली लाभली. समुद्र पाहायला समुद्रकाठी सातबारा लागत नाही, हे त्यांचं म्हणणं मला तरी पटलं.

तेव्हा जमीन बघून द्या म्हणून मला फोन करू नका, मी देणार नाही. पावसात राहून बघायचं असेल तर मात्र जरूर करा. आषाढात आठ दिवस या, पडवीत झोपायची सोय करीन, सकाळी भाकरी आणि सुकटीची चटणी मिळेल. छत्री आणू नका, इथल्या वाऱ्यात टिकत नाही.

भिंतीचं प्रकरण पंचायतीत अर्ज देऊन आठ महिने झाले, कुणी बघायला आलेलं नाही. मालकांशी फोनवर बोलणं झालंय. गणपतीला येतील तेव्हा पऱ्याच्या जागी भिंतीला तीन फुटांचं भगदाड ठेवू म्हणालेत, मजुरी अर्धी-अर्धी. तोवर मी फावड्यानं पाणी वळवतोय. काय होतं ते नोंदीत लिहीन.