पाळणा हलण्याआधी

मेढ्याहून एका भगिनीचे पत्र आले आहे. निकाहला तीन वर्षे झाली, घरात पाळणा हललेला नाही. पती स्ट्रॉबेरीवर फवारणी करतात, त्यांचे कपडे ती धुते. ‘औषधाचा काही संबंध असेल का? सासूबाई माझ्यातच दोष काढतात,’ असे ती लिहिते.

बहिणी, संबंध असू शकतो, आणि तो आधी पतीच्या बाजूने पाहायला हवा. १९७७ साली कॅलिफोर्नियात डीबीसीपी हे शेतीचे औषध बनवणाऱ्या कारखान्यातील कामगारांना मुले होईनात. तपासणीत अनेकांचे शुक्राणू फार कमी निघाले, काहींच्यात तर एकही नव्हता. अमेरिकेत ते औषध पुढे बंद झाले. तुमच्या शेतातले औषध वेगळे असेल, पण सावधगिरी तीच. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, म्हणून आजच्या काळजीचा परिणाम दिसायला तीन महिने तरी धरा.

डब्यावरचा त्रिकोण पाहा. लाल सर्वांत विषारी, त्याखालोखाल पिवळा. शक्यतो ते टाळा. पंप पाठीवर घेताना हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचा शर्ट हवा, आणि वाऱ्याच्या तोंडावर फवारू नये. पतींनी घरात शिरण्याआधी कपडे बाहेर काढून अंघोळ करावी. ते कपडे तू हातमोजे घालून वेगळ्या बादलीत धू, घरच्या कपड्यांत मिसळू नकोस. औषधाचा रिकामा डबा पाण्याला किंवा धान्याला मुळीच वापरायचा नाही.

दुसरी गोष्ट सुरम्याची. आपल्या घरांत तो आवडीने घालतात, पण बाजारातल्या अनेक सुरम्यांत तपासणीअंती शिसे सापडले आहे. शिसे हाडांत साठते आणि गरोदरपणी बाळापर्यंत पोहोचते. शिसे नसल्याची खात्री नसेल तर तूर्त सुरमा बंद ठेव. हॉटेलातून प्लॅस्टिकच्या पिशवीत येणारा गरम चहाही नको; स्टीलची किटली पाठवावी. उरलेली गरम बिर्याणी प्लॅस्टिकच्या डब्यात भरू नये.

एवढे केले की मूल होईलच, असे मी म्हणणार नाही. तीन वर्षे झाली आहेत, तेव्हा दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जा. पतीची वीर्यतपासणी साधी असते, ती आधी होऊ दे. फॉलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी डॉक्टरांना विचारून आत्तापासूनच सुरू कर.

आणि सासूबाईंना हे पान वाचून दाखव. राग आला तर माझ्यावर येऊ दे.