बुकित पंजांगात आपण यजमान कधी होणार?

बुकित पंजांगच्या मराठी घरांत कार्यक्रमांच्या दोन याद्या असतात. महाराष्ट्र मंडळाचा गणेशोत्सव, दिवाळी, गुढीपाडवा ही पहिली यादी. तिच्यासाठी साड्यांना इस्त्री होते, मुलांच्या शिकवण्या पुढे ढकलल्या जातात आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला जावे लागले तरी कुणी कुरकुरत नाही. शाळेतला रेशियल हार्मनी डे, कम्युनिटी क्लबातला राष्ट्रीय दिनाचा मेळा, ब्लॉकखालच्या व्हॉइड डेकमधली कंदिलांची संध्याकाळ ही दुसरी यादी. तिच्यावर 'जमले तर बघू' असा शेरा असतो आणि ते बहुधा जमत नाही. जमलेच, तर आपण खुर्चीत बसून पाहतो, पोराचे फोटो काढतो आणि घरी येतो. ही वाटणी चुकीची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. पहिल्या यादीला कात्री लावा असे मी म्हणत नाही. पण दुसरी यादीही तितकीच आपली आहे, आणि तिथे पदर खोचून, बाह्या सरसावून यजमानाच्या नात्याने राबल्याखेरीज आपल्या मुलांचे मराठीपणसुद्धा टिकायचे नाही.

आधी आपण राहतो कसे ते पाहू. सिंगापूरच्या सरकारी घरांना 1989 पासून वांशिक समतोलाचे धोरण लागू आहे. 'भारतीय व इतर' या गटाला एका ब्लॉकमध्ये जास्तीत जास्त 15 टक्के घरे मिळू शकतात. 2020 च्या जनगणनेत एकूण रहिवाशांत भारतीय होते 9 टक्के, आणि त्यांत तमिळ सर्वाधिक. म्हणजे फजार असो की सेगार, पेतिर असो की सेंजा, मराठी दाराला लागून चिनी किंवा मलय दार असणार हे ठरलेलेच. पार्ले किंवा सदाशिव पेठ इथे उभी राहूच शकत नाही. मंडळाची ओढ यातूनच येते, आणि ती रास्त आहे. पण मूल वर्षाचे बहुतेक दिवस घालवते ते मंडळाच्या सभागृहात नव्हे. ते लिफ्टमध्ये असते, एलआरटीच्या डब्यात असते, झेंगहुआ पार्कात सायकल चालवते, बुकित पंजांग प्लाझातल्या ग्रंथालयात बसते. 27 डिसेंबर 2015 ला डाउनटाउन लाइन इथवर आली आणि गाडी न बदलता लिटल इंडियाला जाता येऊ लागले. हार, झेंडू, विड्याची पाने आणायची मोठी सोय झाली. पण सण म्हटला की वस्ती सोडून निघायचे, ही आपली सवयही त्या सोयीने घट्ट केली. ज्या जिन्यावरून मूल रोज उतरते, त्या जिन्यावरच्या माणसांना त्याच्या घरी गणपती येतो हेच ठाऊक नसते.

यावर सर्वांत आधी पुढे येतो तो अभ्यास. 'इथली स्पर्धा तुम्हाला माहीत नाही का? शनिवारची दुपार कंदिलांत घालवली तर गणित कधी करायचे?' हा प्रश्न पोटतिडकीचा आहे. मी तो उडवून लावत नाही. मात्र ज्या व्यवस्थेच्या भीतीने तो विचारला जातो, ती व्यवस्था स्वतः काय करते आहे ते पाहावे. पहिली-दुसरीच्या परीक्षा 2019 पासून बंद आहेत. सहामाही परीक्षा 2023 पर्यंत प्राथमिक आणि माध्यमिकच्या सर्व इयत्तांतून काढून टाकल्या गेल्या. शिक्षण मंत्रालयाने हा वेळ मोकळा केला तो त्यात आणखी एक शिकवणी कोंबावी म्हणून नव्हे. माध्यमिक शाळेत तर सहभाग, नेतृत्व आणि सेवा यांची रीतसर नोंद होते. सहावीच्या मुलाची गोष्ट वेगळी. पीएसएलईची लेखी परीक्षा सप्टेंबरअखेरीस येते, आणि त्या घराला त्या दिवसांत कुणी कार्यक्रमाचा आग्रह करू नये. पण सहावीच्या एका वर्षाचा न्याय पहिली ते पाचवीच्या पाच वर्षांना लावणे हा अभ्यासाचा कळवळा नाही. ती नुसती धास्ती आहे.

याहून वजनदार आक्षेप असा, की शाळेतला रेशियल हार्मनी डे म्हणजे वेशभूषेचा देखावा. मुले कुणाचे तरी कपडे घालतात, चार घास खातात, संपले. खरे आहे, पुष्कळदा तसे होते. आपली मुलगी परकर-पोलक्याऐवजी दुकानातला लेहंगा घालून जाते आणि 'इंडियन' या एका शब्दात मावून परत येते. पण या दिवसासाठी 21 जुलै हीच तारीख का, याचा विचार करावा. 1964 साली त्या दिवशी पैगंबर जयंतीच्या मिरवणुकीत दंगल उसळली. जुलैच्या त्या दिवसांत 23 माणसे मेली, 454 जखमी झाली. तेव्हापासून इथे धार्मिक पदयात्रांवर कडक निर्बंध आहेत. थैपूसम, पंगुनी उत्तिरम, तिमिती एवढेच हिंदूंचे अपवाद. आपला बाप्पा ढोलताशांच्या गजरात रस्त्याने का जाऊ शकत नाही, याचे उत्तर त्या जुलैत आहे. शाळा 1997 पासून हा दिवस पाळतात तो या आठवणीपायी. ती आठवण उथळ नाही. उथळ ठरतो आपला सहभाग. अनेक शाळांत पालकांचा मदतगट असतो. तिथे नाव घालून एक तास रांगोळीचे ठिपके कसे जुळवायचे ते वर्गाला शिकवले, तर तोच दिवस देखावा राहत नाही. कुणी म्हणेल, पालक शाळेत राबतात ते पहिलीच्या प्रवेशासाठी, कारण 40 तासांची स्वयंसेवा केली की टू-बी टप्प्यात अर्ज करता येतो. असे करणारे असतील. पण प्रवेश मिळाल्यावर एकेचाळिसाव्या तासाला कोण येतो, तिथे खरी परीक्षा आहे, आणि त्या तासाला मराठी पालक दिसावेत एवढेच माझे मागणे आहे.

सण घराबाहेर आणण्याचे महत्त्व आपल्याला वेगळे शिकवण्याची गरज नाही, असे आपण अभिमानाने म्हणतो आणि लोकमान्यांचे नाव घेतो. तो अभिमान पुरा वाचला पाहिजे. 1893 च्या मुंबईतल्या दंग्यांनंतर सार्वजनिक गणेशोत्सवाने जोर धरला, तेव्हा त्याची एक बाजू अशीही होती, की पुण्यातले जे हिंदू तोवर मोहरमच्या ताबूतांत हौसेने सामील होत, ते तिथून दूर झाले. उत्सव रस्त्यावर आला, माणसे मोठ्या संख्येने एकत्र आली, आणि त्याच वेळी शेजाऱ्याच्या उत्सवातून निघूनही गेली. याउलट सांगली जिल्ह्यातल्या गोटखिंडीत 1980 पासून मशिदीत गणपती बसतो, आणि कोल्हापूरकडच्या कुरुंदवाडच्या मशिदींतही. दोन्ही वारसे आपलेच आहेत. आपल्या माणसांची गर्दी जमवणे आणि आपल्या सणात शेजाऱ्याला जागा देणे ही दोन वेगळी कामे आहेत. मंडळ पहिले उत्तम करते, दुसरे त्याच्याकडून होणे कठीण, कारण मंडळाला शेजार नसतो. शेजार असतो ब्लॉकला. ज्या व्हॉइड डेकमध्ये आज मलय लग्नाचा मांडव पडतो आणि पुढच्या आठवड्यात चिनी घरातल्या मृत्यूचे विधी होतात, त्या जागेची घडण चाळीच्या अंगणासारखीच आहे. तिथे संक्रांतीचे हळदीकुंकू का होऊ नये, याचे पटणारे कारण मला अजून सापडलेले नाही.

'कम्युनिटी क्लब म्हणजे सरकारी कारभार' असे एक कारण सांगितले जाते. क्लब चालवणारी पीपल्स असोसिएशन ही 1960 साली स्थापन झालेली सरकारी संस्थाच आहे; पंतप्रधान तिचे अध्यक्ष असतात. हे न आवडण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. पण कंदील लावणारी, खुर्च्या मांडणारी, भात वाढणारी माणसे चौथ्या मजल्यावरची असतात. त्यांच्यापासून दूर राहून सरकारला काही कळत नाही; त्यांना मात्र कळते.

मला सर्वांत अवघड वाटते ते भाषेचे म्हणणे. इथल्या शाळांत मातृभाषा म्हणून तमिळखेरीज बंगाली, गुजराती, हिंदी, पंजाबी आणि उर्दू या पाच भारतीय भाषा घेता येतात. मराठी त्यांत नाही. आपले मूल बहुतेक वेळा हिंदी शिकते, तेही अनेकदा शनिवारच्या वेगळ्या वर्गात. मराठीला मिळतात उरलेसुरले तास, आणि तेही मी शेजाऱ्यांच्या इंग्रजीत घालवायला सांगतो आहे, असा रोष असेल तर तो समजण्याजोगा आहे. व्हॉइड डेकमध्ये मराठी शिकता येत नाही, हे कबूलच. ती घरात आणि मराठी शाळेतच शिकावी लागेल. परंतु मूल दहा-बारा वर्षांचे झाले की भाषा सोडते ते वेळ नाही म्हणून नव्हे. जिथे त्याचे सगळे मित्र आहेत तिथे तिला काही किंमत नाही असे त्याला वाटू लागते म्हणून. लिफ्टमध्ये आई मराठीत बोलली की 'इंग्लिशमध्ये बोल ना' असे दबक्या आवाजात सांगणारे मूल त्या वयातलेच. ती लाज मंडळाच्या सभागृहात जात नाही, कारण ती तिथे लागलेलीच नसते. ती लागते तिथेच घालवावी लागते. ज्या मुलाचा चिनी मित्र 'यंदा तुमचा एलिफंट गॉड कधी?' असे आपणहून विचारतो, त्या मुलाला मराठी गाणे म्हणायला लावणे सोपे जाते.

'तिथे भारतीय म्हणजे तमिळच' ही तक्रारही ऐकू येते. क्लबातल्या भारतीय कार्यक्रमांच्या समितीत तमिळ माणसे जास्त, म्हणून पोंगल होतो आणि संक्रांत होत नाही. पण दोन्ही सण एकाच सुमारास येतात, आणि समितीत जाऊन बसल्याशिवाय पोंगलच्या मडक्याशेजारी तिळगुळाचे ताट येणार कसे? तंजावरात मराठी आणि तमिळ शतकानुशतके एकत्र नांदली. बुकित पंजांगातही तेवढे जमायला हरकत नाही. आणि 'आम्ही पासवर आलेली माणसे, आज आहोत उद्या नाही' असे म्हणणाऱ्यांना इतकेच सांगावेसे वाटते, की तुमच्या सात वर्षांच्या मुलासाठी हेच त्याचे गाव आहे.

यंदा सुरुवात करायला योगही चांगला आहे. चिनी मध्य-शरद उत्सव आठव्या चांद्रमासाच्या पौर्णिमेला येतो. 2024 मध्ये तो आणि आपली अनंत चतुर्दशी एकाच दिवशी, 17 सप्टेंबरला आली. 2025 मध्ये तो 6 ऑक्टोबरला, म्हणजे नेमका कोजागिरीला पडला. 2026 मध्ये 25 सप्टेंबरच्या शुक्रवारी पुन्हा अनंत चतुर्दशी आणि कंदिलांची रात्र एकत्र येत आहेत. एका ब्लॉकमधल्या दोन-तीन मराठी घरांनी रेसिडेंट्स नेटवर्ककडे एक टेबल मागावे आणि उकडीचे मोदक करावेत. ओंदे-ओंदे ज्या मलय आजींच्या हातचे आहेत, त्यांना तांदळाची पारी, नारळ आणि गूळ हे प्रकरण समजावून सांगावे लागणार नाही. त्याही तांदळाच्या पिठात गूळच भरतात आणि वर नारळ घोळतात. मात्र नैवेद्याला दाखवलेले मोदक वेगळे ठेवावेत, कारण देवापुढे ठेवलेले अन्न अनेक मुसलमान शेजारी खात नाहीत, आणि हे न विचारता पाळले तर त्यांना जे वाटेल ते कुठल्याही भाषणाने वाटणार नाही. चांद्रमासाच्या पंधराव्या दिवशी पुष्कळ वयस्क बौद्ध शाकाहार पाळतात. त्यांनाही हे टेबल जवळचे वाटेल. ही चौकशी ऑगस्टमध्येच दारोदारी करून घ्यावी. टेबलावरची पाटी मुलांनी लिहावी: देवनागरीतला 'मोदक' आपल्या मुलाने, आणि चिनी अक्षरे समोरच्या दारातल्या त्याच्या मित्राने.