धक्का नको, बंदूक हवी!

रात्री दोन चाळीसला आईचा फोन आला की माणूस 'हॅलो' म्हणत नाही. थेट 'काय झालं?' म्हणतो.

मी तेव्हा ऑफिसच्या कामाने बंगळुरूच्या हॉटेलात होते. आई अंधेरी पूर्वेला, पंप हाऊसजवळच्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये एकटी. ती कुजबुजत म्हणाली, "अगं, कुणीतरी लॅचमध्ये किल्ली घालून फिरवतंय." मी म्हटलं, "११२ ला फोन कर." ती म्हणाली, "आधी तुला केला." मग तीनेक मिनिटं आम्ही दोघी गप्प. मला फोनमधून खरंच ती किल्ली ऐकू येत होती. नंतर आवाज थांबला, पावलं गेली. "तुझ्या हातात काय आहे?" मी विचारलं. "लाटणं," आई म्हणाली.

त्या रात्री विमानाच्या तिकिटांऐवजी मी बंदुका शोधत बसले. हसू नका. वय ६६, उंची पाच फूट, उजवा खांदा गेल्या वर्षी आखडलेला, अशा बाईला झेपेल अशी, कमी धक्का देणारी छऱ्याची बंदूक. मोबाईल घेताना आपण कॅमेरा, बॅटरी, वजन बघतो ना, अगदी तसंच. मला वाटलं, एका वीकेंडचं काम आहे.

आणि असा विचार करणारी मी काही एकटी नाही. १६ जानेवारी २०२५ च्या पहाटे वांद्र्याच्या इमारतीत अभिनेता सैफ अली खान यांच्या घरात शिरलेल्या माणसाने त्यांच्यावर चाकूने वार केले, तेव्हा आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये आठवडाभर दुसरा विषय नव्हता. एवढी सिक्युरिटी असलेल्यांचं असं, तर आपलं काय? पण त्याच्या साडेतीन महिने आधी, १ ऑक्टोबर २०२४ ला, आमच्या शेजारच्या जुहूत अभिनेता गोविंदा यांच्या स्वतःच्याच लायसनच्या रिव्हॉल्व्हरमधून चुकून गोळी सुटली होती आणि त्यांच्याच पायात घुसली होती, हे मात्र कॅन्टीनमध्ये कुणालाच आठवलं नाही. मलाही नाही. भीती वाटते तेव्हा आपल्याला सोयीचंच आठवतं.

सल्ल्यासाठी पहिला फोन मामाला. मामा लांज्याजवळ राहतो. रानडुकरं भातात घुसतात म्हणून पीक संरक्षणाच्या लायसनवर त्याच्याकडे बंदूक आहे. आजोबांची होती ती ठासणीची, याची काडतुसाची. मी म्हटलं, "मामा, हलकी, कमी धक्क्याची बंदूक कुठली?" तो इतका हसला की मामीने फोन हातात घेतला. मग परत येऊन म्हणाला, "बायो, हलकी बंदूकच जास्त लाथ मारते!"

बारावीला फिजिक्स होतं हो मला. तरी हे डोक्यात आलं नव्हतं. छर्रे पुढे जातात तेवढ्याच जोराने बंदूक मागे येते. बंदूक जड असेल तर ती सावकाश मागे येते, हलकी असेल तर झटक्यात. म्हणजे धक्का कमी करायचे मार्ग मुळात तीनच. एक, बंदूक जड घ्या. दोन, काडतूस हलकं घ्या. तीन, बंदुकीचा दस्ता अंगाला नीट बसवा.

मी एक्सेल उघडलं. (आमच्या पिढीला घाबरल्यावर देव आठवत नाही, एक्सेल आठवतं.) सव्वातीन किलोची बारा बोअर आणि तिच्यात ३२ ग्रॅम छऱ्यांचं काडतूस धरलं, तर खांद्यावर येणारा धक्का ढोबळ हिशेबाने ३५ ज्यूल निघतो. त्याच बंदुकीत २४ ग्रॅमचं काडतूस घातलं की तो २५ च्या आसपास येतो. बंदूक तीच, पैसे तेच, धक्का पाव हिश्श्याहून जास्त कमी! आंतरराष्ट्रीय ट्रॅप आणि स्कीट स्पर्धांत काडतुसाला २४ ग्रॅमचीच मर्यादा आहे. राज्यवर्धनसिंह राठोड यांनी २००४ साली अथेन्सला डबल ट्रॅपमध्ये रौप्यपदक मिळवलं, तेव्हा प्राथमिक फेरीत १५० आणि अंतिम फेरीत ५० लक्ष्यं होती. एका दिवसात बारा बोअरचे २०० बार! योग्य काडतूस आणि योग्य दस्ता असेल तर खांदा निखळत नाही, याचा याहून चांगला पुरावा कुठला?

मग 'वीस बोअर घ्या, बायकांना बरी' हा सल्ला. हा देणारे पुष्कळ भेटतात. बोअरचा आकडा उलटा चालतो. नळीत बरोबर बसेल अशा शिशाच्या गोळ्या एका पौंडात किती होतात, तो तिचा बोअर. म्हणून बाराची नळी साधारण साडेअठरा मिलिमीटर आणि विसाची साडेपंधराच्या जरा वर. पण वीस बोअर बंदूक बहुधा हलकीही असते. पावणेतीन किलोच्या वीस बोअरमध्ये २४ ग्रॅमचंच काडतूस घातलं, तर धक्का जड बारा बोअरपेक्षा जास्त. नाजूक म्हणून घेतलेली चप्पलच जास्त चावते ना, तसं. खरी मवाळ ती चारशे दहा, सव्वादहा-साडेदहा मिलिमीटर नळीची. तिचा धक्का बाराच्या एक तृतीयांशही नसेल. पण छर्रे इतके थोडे की नेम चुकायला जागाच नाही, आणि आपल्याकडे दुकानात चलती असते ती बारा बोअर दुनळीचीच.

दस्त्याचं मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवावं. तयार बंदूक मध्यम उंचीच्या पुरुषाच्या मापाने केलेली असते. बुटक्या माणसाला तो दस्ता लांब पडतो, मग तो खांद्याच्या खोबणीऐवजी दंडावर टेकतो, आणि निळंकाळं होतं ते तिथेच. दस्ता कापून लहान करता येतो, मागे जाड रबर लावता येतं. मामाच्या भाषेत, "बंदूक खांद्याला चिकटव. फट ठेवलीस की ती फट भरून काढते."

म्हणजे उत्तर सापडलं: जड बारा बोअर, आखूड केलेला दस्ता, रबर, २४ ग्रॅमचं काडतूस. मी खूश. घरी आले आणि ट्रायल घेतली. झाडूच्या दांड्याला दीड-दीड लिटरच्या पाण्याच्या दोन भरलेल्या बाटल्या बांधल्या, झाले तीन किलो. आईला म्हटलं, "खांद्याला लाव आणि दाराकडे रोखून धर."

आईने माझ्याकडे असं बघितलं, की मी शाळेतून शून्य मार्क घेऊन आले आहे. पण धरलं. मी मोबाईलवर सेकंद मोजत होते. अकराव्या सेकंदाला दांडा खाली आला. एक बाटली काढली. आता पंचवीस सेकंद टिकली, पण एवढी हलकी बंदूक धक्का देणार तो त्याच आखडलेल्या खांद्याला. जड घ्यावी तर उचलवत नाही, हलकी घ्यावी तर सोसवत नाही. माझ्या एक्सेलमध्ये आईच्या खांद्याचा कॉलमच नव्हता.

बरं, उचलली असं धरू. आमच्या बेडरूमच्या दारापासून मेन डोअर मोजून २० फूट. सिनेमात बंदूक नुसती दाराच्या दिशेने केली की झालं. प्रत्यक्षात एवढ्याशा अंतरावर छर्रे जेमतेम वीतभर पसरतात. म्हणजे अंधारात, झोपेतून उठून, चष्मा नसताना नेम धरायलाच हवा. आणि नेम चुकला तर? पॅसेजच्या पलीकडे शेजाऱ्यांचं दार. त्यांचा नातू हॉलमध्येच झोपतो.

कायद्याचंही बघून घेतलं. मुंबईत लायसन पोलिस आयुक्तांकडून. अर्ज, पोलिस चौकशी, डॉक्टरचं सर्टिफिकेट, हाताळणीचं प्रशिक्षण. मिळालं तर पाच वर्षांसाठी, २०१९ च्या दुरुस्तीपासून. लायसन माझ्या नावावर आणि मी टूरवर असताना बंदूक आईच्या हातात, हे चालत नाही. अर्ज आईनेच करायचा. घरात ती कुलूपबंद ठेवायची. निवडणूक आली की पोलिस ती जमाही करायला सांगू शकतात. आणि गोळी झाडलीच तर? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत स्वसंरक्षणाचा हक्क आहे, आणि तो चांगला भक्कम आहे. रात्री घर फोडून शिरणाऱ्याविरुद्ध तर फारच. पण ३७ वं कलम सांगतं, गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, आणि पोलिसांना बोलवायला वेळ असेल तर हा हक्क उरत नाही. दाराबाहेर किल्ली फिरवणारा माणूस अजून घरात आलेला नसतो. आणि आईच्या हातात तेव्हा फोन होता.

हे सगळं मी आईला वाचून दाखवत होते आणि बेल वाजली. तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा. आमच्याच वरच्या फ्लॅटमध्ये भाड्याने राहतो, सीप्झमध्ये नाइट शिफ्ट करतो. हातात मिठाईचा बॉक्स, मान खाली. "काकू, त्या रात्रीचं... तो मी होतो. लिफ्ट बंद होती. जिन्याने आलो, फोनवर होतो, मजला चुकला. किल्ली लागेना म्हणून मला वाटलं लॅच बिघडलं." मग हळूच म्हणाला, "आठवडाभर सांगायची लाज वाटत होती."

मी त्याच्याकडे बघत राहिले. तेवीस-चोवीस वर्षांचा असेल. माझ्या डोक्यात तो एक्सेलचा तक्ता होता. २४ ग्रॅम, सव्वातीन किलो, २० फूट. मी दोन आठवडे आईचा खांदा वाचवायला निघाले होते. दाराच्या पलीकडे कोण आहे, हा रकाना मी केलाच नव्हता.

आईने त्याला पाणी दिलं आणि चांगलं झापलं. तो गेल्यावर मला म्हणाली, "तुझ्या आजोबांनी एकदा रात्री डुक्कर समजून बार काढला होता. शेजाऱ्यांचा बैल निघाला. पायावरच निभावलं. त्यानंतर त्यांनी रात्रीची बंदूक उचलली नाही." हे मला मामाने सांगितलं नव्हतं.

ज्यांना खरंच गरज आहे, ज्यांचं घर रानाच्या कडेला आहे किंवा ज्यांना खरीखुरी धमकी आहे, त्यांनी वरचा हिशेब जरूर वापरावा. जड बंदूक, हलकं काडतूस, अंगाचा दस्ता, आणि रेंजवर भरपूर सराव. आम्ही मात्र अंधेरीतली बेताची खरेदी केली: सेफ्टी डोअरला नवं कुलूप, आतून साखळी, दाराला मोठं भिंग, पॅसेजमध्ये आपोआप लागणारा दिवा. प्रत्येक मजल्यावर आकडा रंगवून घ्यायचा ठराव सोसायटीत मी मांडला, आणि आश्चर्य म्हणजे पास झाला.

परवा मी पुन्हा टूरवर होते. रात्री साडेअकराला आईचा फोन. "काय झालं?" मी म्हटलं. "काही नाही. वरचा आत्ता ड्युटीवर निघालाय. जाताना भिंगासमोर उभा राहून हात हलवून गेला. झोप आता."

लाटणं अजून तिच्या उशाशीच असतं. पोळ्यांसाठी आम्ही दुसरं आणलं.